पेटी घेताना कान आपला, गळाही आपला



कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या गावांत, वाड्यांवर बायकांची भजनी मंडळं आहेत. बरीचशी बचत गटातूनच उभी राहिलेली. टाळ आपल्याकडे असतात, ढोलकी कुणाकडून तरी मिळते. अडतं ते बाजाच्या पेटीवर. ती पुरुषांच्या मंडळाकडून मागून आणायची, आणि नेमकी एकादशीला त्यांनाच ती हवी असते. म्हणून मैत्रिणी विचारतात, आपली स्वतःची पेटी घ्यावी का? थोडक्या पैशांत जुन्या पेटीसारखा भरदार, गोड सूर मिळेल का? मिळतो. पण तो कसा शोधायचा, हे आम्ही एकदा फसल्यावर शिकलो.

आमची पहिली पेटी आम्ही दिसण्यावर घेतली. चकचकीत पॉलिश, समोर खुंट्यांची रांग, पितळी कड्या. दुकानदारांनी झरझर एक गाणं वाजवलं, आम्ही माना डोलावल्या. सोबत आलेले दादा म्हणाले, "चांगली आहे," आणि आम्ही पैसे मोजले. आमच्यातली एकही जण दुकानात गायली नाही. लाज वाटली, दुसरं काय! घरी आल्यावर कळलं, सूर कर्कश आहे आणि आमचा आवाज त्यात हरवतो. पहिल्याच पावसाळ्यात दोन पट्ट्या दाबल्या की वर येईनात. शेवटी ती पेटी निम्म्या किमतीत गेली. ते पैसे दोन वर्षांच्या भजनांच्या बिदागीतून जमवले होते. मनाला फार लागलं.

दुसऱ्यांदा आम्ही आधी पेटी समजून घेतली. प्रत्येक पट्टीखाली पितळेची एक बारीक जीभ असते, तिला रीड म्हणतात. भात्याची हवा तिच्यावरून गेली की ती थरथरते आणि सूर निघतो. जीभ लांब तितका सूर खालचा. एका पट्टीला बहुधा दोन रीड असतात. नर आणि मादी असा जोड असेल तर आवाज उंच आणि धारदार येतो. खर्ज आणि नर असा जोड असेल तर सुराखाली एक सप्तक खालचा सूर घुमतो, आणि आवाज घट्ट, भरलेला लागतो. आजीच्या काळातल्या पेटीची जी आठवण आपल्या कानात असते, ती बऱ्याचदा या खर्जाची असते. म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारायचा, "खर्ज-नर आहे का?"

दुसरा प्रश्न, रीड कुठले? जुन्या पेट्यांत जर्मनी किंवा पॅरिसहून आलेले रीड असत. त्यांना आजही मान आहे, म्हणून किंमतही जास्त. गुजरातमधल्या पालिताण्याच्या रीडचंही नाव आहे. पण नावावर जाऊ नका. जुन्या पेटीत मोडलेल्या रीडच्या जागी भलतेच रीड बसवलेले असू शकतात. नावाची खात्री कुणी देईल, सुराची खात्री आपणच करायची.

मैत्रिणींनो, ही पेटी मुळात परदेशातली. पॅरिसमध्ये १८४० च्या सुमारास ती घडली, तेव्हा ती पायाने भाता हलवून वाजवायची होती. मांडी घालून बसणाऱ्या आपल्या लोकांसाठी हाताच्या भात्याची पेटी नंतर कोलकात्यात तयार होऊ लागली. पेटीवर मींड निघत नाही, बारीक श्रुती निघत नाहीत, म्हणून १९४० पासून आकाशवाणीने तिला बंदी घातली होती. ती १९७१ च्या सुमारास सैल झाली. म्हणजे तीस वर्षं रेडिओवर पेटी नव्हती, पण देवळातल्या भजनातून ती कधी उठली नाही. आज आपण रेडिओवर तिच्याचबद्दल बोलतोय!

आता तपासणी. आधी सगळ्या खुंट्या बंद करा, भाता मारून हवा भरा आणि थांबा. हवा लगेच निघून गेली तर भाता किंवा हवापेटी गळते आहे. मग खुंट्या उघडा, पण पट्टी दाबू नका. सूर आपोआप वाजला तर पट्टीखालची झडप नीट बसत नाही. त्यानंतर डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी, अगदी हळू भाता मारून वाजवा. चांगला रीड थोड्या हवेतही लगेच बोलतो. एखादा उशिरा बोलतो, एखादा फुसफुसतो, ते लिहून ठेवा. एकाच पट्टीचे दोन रीड जुळलेले नसतील तर आवाजात लाटा उठतात, त्या कान देऊन ऐका.

मग झाकण उघडायला सांगा. यात संकोच नको, साडी घेताना आपण पदर उलगडून बघतोच ना? सूर लावण्यासाठी रीड खरवडतात. फार खरवडलेला रीड पातळ होतो आणि पुढे तुटतो. लाकडाला भुंगा, वाळवी लागली आहे का, आतलं चामडं उंदरांनी कुरतडलं आहे का, तेही पाहा. भाता फाटला असेल तर तो बदलता येतो. रीड खराब असतील तर मात्र खर्च वाढतच जातो.

खुंट्या किती, याला भुलू नका. त्यांतल्या काही नुसत्या शोभेच्याही असतात. कप्लर आणि स्केलचेंजर पैसे वाढवतात, शिवाय जितके भाग जास्त तितकी दुरुस्ती जास्त. भजनाला बेचाळीस पट्ट्यांची, म्हणजे साडेतीन सप्तकांची साधी पेटी पुरते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुकानात गा. पुरुष बहुधा काळी एक, काळी दोनमध्ये गातात. त्यांच्या पट्टीत गाताना आपला आवाज खाली बुडतो, नाहीतर वर ओढून घसा बसतो. बऱ्याच बायकांचा गळा काळी चार, काळी पाचच्या आसपास मोकळा होतो. या वेळी आमच्यातल्या एका काकींनी दुकानात खाली बसून काळी चारमध्ये अभंग धरला. काकी सत्तरीच्या आहेत. दोन नव्या पेट्यांवर त्या मध्येच थांबल्या. तिसरी एक जुनी होती, रंग उडालेली, एक कडी तुटलेली, पण खर्ज-नर. तिच्यावर त्यांनी पूर्ण अभंग म्हटला आणि म्हणाल्या, "हिच्यावर मला ओरडावं लागत नाही." तीच घेतली. साडेनऊ हजारांना पेटी, बावीसशेत नवा भाता आणि सूर जुळवणी. नव्या पेटीला आम्ही याहून जास्त मोजले होते.

पैशांचंही सांगतो. बचतीचे आणि अंतर्गत कर्जाचे पैसे याला लावू नका. ते कुणाच्या बियाण्याचे, कुणाच्या दवाखान्याचे असतात. भजनाच्या बिदागीची वही वेगळी ठेवा, बैठकीत ठराव लिहा, दोन-तीन ठिकाणचे भाव विचारा आणि पावती घ्या. पेटी कुणाच्या घरी राहणार, दुरुस्ती कोण भरणार, बाहेर द्यायची तर भाडं किती, हेही आधीच लिहून ठेवा. पेटीमुळे गट फुटायला नको.

शेवटी आपला पाऊस. माथेरानच्या पायथ्यापासून खोपोलीपर्यंत चार महिने भिंतींनाही पाणी सुटतं. पेटी जमिनीवर ठेवू नका, पाटावर ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरतो. सुती कापडात गुंडाळून पेटाऱ्यात ठेवा. ओल गेली नाही म्हणून चुलीशेजारी ठेवू नका, लाकूड तडकतं. आणि भजन असो नसो, दर दोन दिवसांनी दहा मिनिटं वाजवा. आमच्याकडे ते काम शाळेत जाणाऱ्या दोन मुलींकडे दिलंय. त्यातली एक आता हरिपाठाला साथ करते, म्हणजे वाजवणाराही मागून आणावा लागत नाही.

तुमचं मंडळ पेटी घ्यायला निघालं तर सगळ्यात मोकळ्या गळ्याची बाई बरोबर न्या, आणि तिला दुकानात गाऊ द्या.

रामकृष्णहरी.