आधीं हिशेब, मग वाटणी
(गांवच्या वाचनालयांत शेतकरी व कारागीर मंडळींपुढें एका शिक्षकानें दिलेलें व्याख्यान)



गेल्या पंधरवड्यांत येथें वर्तमानपत्र वाचून दाखवितांना एका तरुण सुतारानें मला विचारलें, "गुरुजी, इंग्लंडच्या लोकांनीं एका दिवसांत मत देऊन युरोपच्या संघांतून बाहेर पडायचें ठरविलें. मग बाहेर पडायला साडेतीन वर्षें कां लागलीं?" प्रश्न फार चांगला होता. मला तेव्हां नीट उत्तर देतां आलें नाहीं. म्हणून वाचून, टिपून आज उत्तर घेऊन आलों आहें.

त्या गोऱ्या लोकांच्या भांडणाशीं आपल्याला काय करायचें, असें कोणी म्हणेल. पण ज्या घरांत भाऊ वेगळे निघाले, त्या घराला हा विषय परका नाहीं. आणि असें घर नाहीं असा वाडा आपल्या गांवांत कोणता? रागाच्या भरांत "उद्यांपासून माझी चूल वेगळी" म्हणायला एक क्षण पुरतो. विहिरीची पाळी, बांधावरचा आंबा, सोसायटीचें कर्ज, म्हाताऱ्या आईची भाकरी, यांचा निवाडा व्हायला वर्षें जातात. देशाचेंही तसेंच आहे.

आधीं तें घर कसलें होतें तें पाहूं. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपांतील सहा देशांनीं १९५७ सालीं रोम येथें करार करून एकत्र व्यापाराचा पाया घातला. ब्रिटन त्यांत १ जानेवारी १९७३ रोजीं शिरला. १९७५ सालीं तेथें लोकांचें मत घेतलें, तेव्हां शंभरांत सदुसष्ट लोकांनीं राहावें असें सांगितलें. पुढें घर वाढत जाऊन २०१६ सालीं अठ्ठावीस देशांचें झालें. घरांतल्या घरांत मालाला जकात नाहीं. मालाचे नियम सर्वांना एक. एका देशाच्या माणसाला दुसऱ्या देशांत जाऊन काम करायची मोकळीक. सर्वांनीं वर्गणी भरावी, आणि त्या पेटींतून मोठा वांटा शेतकऱ्यांना मिळावा. समुद्रांतली मासळीसुद्धां ठरलेल्या हिश्शानें वांटून घ्यावी.

पुष्कळ ब्रिटिश लोकांना हें जाचूं लागलें. आमचे कायदे परक्या ठिकाणीं कां व्हावेत, आमची वर्गणी जास्त कां, बाहेरचीं माणसें इतकीं कां, असे त्यांचे सवाल होते. राहावें कीं जावें हा त्यांचा हक्क आहे. त्यांच्या निवाड्याला नांवें ठेवायला मी उभा नाहीं. निवाडा झाल्यावर सरकारनें काम कसें केलें, एवढेंच मला तपासायचें आहे.

२३ जून २०१६ रोजीं मत झालें. जावें म्हणणारे सुमारें एक कोटी चौऱ्याहत्तर लाख, राहावें म्हणणारे सुमारें एक कोटी एकसष्ट लाख. मतपत्रिकेवर प्रश्न एकच होता : राहायचें कीं जायचें. जायचें तर कसें, हें तिच्यावर नव्हतें. आणि त्या वेळचे मुख्य प्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनीं, लोकांनीं "जा" म्हटलें तर काय करावयाचें याची तयारीच खात्यांना करूं दिली नव्हती. पार्लमेंटच्या समितीनें पुढें त्याबद्दल सरकारवर कडक ठपका ठेविला. निकाल लागला त्याच दिवशीं कॅमेरॉन साहेबांनीं राजीनामा जाहीर केला. घर पेटवायचा कीं नाहीं हें विचारायला माणसें जमविलीं, आणि पाण्याचा एक हंडाही भरून ठेविला नाहीं!

नव्या मुख्य प्रधान थेरेसा मे बाई आल्या. त्यांनीं या कामासाठीं एक नवें खातें उघडलें. आतां वाटा अनेक होत्या. नॉर्वेसारखें संघाबाहेर राहून त्याच्या बाजारांत राहतां येत होतें. फक्त जकातीपुरतें एकत्र राहतां येत होतें. कॅनडासारखा निव्वळ व्यापाराचा करार करतां येत होता. कांहींच न ठरवितां निघून जाणें हीही एक वाट होती. यांतली कोणती धरायची हें मंत्रिमंडळांतच ठरेना. जुलै २०१८ मध्यें बाईंनीं एक मसुदा पुढें ठेविला, तेव्हां दोन बडे मंत्री राजीनामा देऊन बाहेर पडले.

पण त्याच्या कितीतरी आधीं, २९ मार्च २०१७ रोजीं, नोटीस देऊन झाली होती. येथेंच खरी मेख आहे, ती लक्ष्य देऊन ऐका. संघाच्या कराराचें ५० वें कलम असें कीं, नोटीस दिल्यापासून दोन वर्षें भरलीं कीं तो देश बाहेर. मग कांहीं ठरलेलें असो वा नसो. मुदत वाढवायची तर उरलेल्या सर्व देशांची संमति पाहिजे. म्हणजे नोटीस देईपर्यंत दोरी ब्रिटनच्या हातांत होती. नोटीस दिली आणि दोरी समोरच्यांच्या हातांत गेली. ही नोटीससुद्धां पार्लमेंटला न विचारतां देण्याचा सरकारचा मनसुबा होता. जानेवारी २०१७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें आठ विरुद्ध तीन मतांनीं सांगितलें कीं, कायदा करून पार्लमेंटची परवानगी घ्या.

समोरची बाजू पाहा. सत्तावीस देश, सत्तावीस तऱ्हा. पण २९ एप्रिल २०१७ रोजीं त्यांनीं आपलें म्हणणें लिहून एकमुखानें मंजूर केलें. बोलायला मिशेल बार्निए हा एकच माणूस नेमला. क्रमही त्यांनींच ठरविला : आधीं माणसें, पैसा आणि आयर्लंडची हद्द, मग व्यापार. दोन्ही एकदम बोलूं, असें ब्रिटन म्हणत होता. जूनमध्यें बोलण्यांच्या पहिल्याच दिवशीं त्यानें तो आग्रह सोडला.

माणसांचा हिशेब पहिला. ब्रिटनमध्यें युरोपचे लक्षावधि लोक संसार थाटून होते आणि युरोपांत सुमारें दहा लाख ब्रिटिश. आहेत त्यांचे हक्क राहतील, असें ठरलें. पण ब्रिटनमध्यें त्यासाठीं ज्याचा त्यानें अर्ज केला पाहिजे. सरकारचा अंदाज होता कीं पस्तीस ते एक्केचाळीस लाख माणसें निघतील. अर्ज आले पन्नास लाखांहून अधिक माणसांचे! आपल्या घरांत किती माणसें जेवतात हें ज्याला ठाऊक नाहीं, त्यानें वाटणीला बसावें काय?

दुसरा हिशेब पैशाचा. एकत्र असतांना कबूल केलेलीं देणीं, नोकरांचीं निवृत्तिवेतनें, यांचा ब्रिटनचा वांटा सरकारी अंदाजानें ३५०० ते ३९०० कोटि पौंड ठरला.

तिसरी गांठ आयर्लंडची, आणि ती सर्वांत अवघड. आयर्लंडचा उत्तर भाग ब्रिटनकडे, बाकीचा देश स्वतंत्र आणि संघांत. मध्यें सुमारें ५०० किलोमीटरची हद्द. तेथें तीस वर्षें रक्तपात होऊन साडेतीन हजारांच्या आसपास माणसें मेलीं, तेव्हां कोठें १९९८ सालीं तह झाला आणि हद्दीवरचे पहारे उठले. आतां जकातीचे नाके पुन्हां तेथें बसविले तर जुनी जखम उघडायची. मग सर्व ब्रिटननें जकातीपुरतें संघाबरोबर राहावें, नाहींतर नाका मधल्या समुद्रांत, म्हणजे आपल्याच देशाच्या दोन तुकड्यांत बसवावा. तिसरा मार्ग कोणाला सांपडला नाहीं. मे बाईंनीं पहिला धरला. पार्लमेंटनें तो १५ जानेवारी २०१९ रोजीं ४३२ विरुद्ध २०२ मतांनीं फेटाळला, आणि मार्चमध्यें आणखी दोनदां. मागाहून आलेल्या बोरिस जॉन्सन यांनीं दुसरा धरला. त्यांतील अडचणी निस्तरायला २०२३ सालीं विंडसर येथें पुन्हां नवी तडजोड करावी लागली.

मधल्या काळांत, कांहींच न ठरतां बाहेर पडावें लागलें तर औषधें व माल आणायला जहाजें पाहिजेत, म्हणून सरकारनें २०१८ च्या अखेरीस मक्ते दिले. त्यांतला सुमारें एक कोटि अडतीस लाख पौंडांचा मक्ता अशा कंपनीला मिळाला कीं जिच्याजवळ जहाजच नव्हतें! गोठ्यांत बैल नाहीं त्याला नांगरटीचा मक्ता. पुढें दोन महिन्यांत तो रद्द केला.

तारीख तीनदां पुढें ढकलून अखेर ३१ जानेवारी २०२० च्या रात्रीं ब्रिटन बाहेर पडला. व्यापाराचा करार त्यानंतर, २४ डिसेंबर २०२० रोजीं, ठरला. कागद बाराशेंहून अधिक पानांचा. पार्लमेंटनें त्याचा कायदा ३० तारखेला एका दिवसांत केला आणि १ जानेवारीपासून अंमल सुरू. व्यापाऱ्यानें, कोळ्यानें तो वाचावा कधीं?

आतां आपल्यासारख्यांचें काय झालें तें ऐका. कोळ्यांना सांगितलें होतें कीं समुद्र तुमचा होईल. करारांत निघालें असें कीं, ब्रिटनच्या पाण्यांत युरोपच्या वांट्याला येणाऱ्या मासळीच्या किंमतीपैकीं चौथा हिस्सा साडेपांच वर्षांत हळूहळू परत मिळेल. आणि मे २०२५ मध्यें ठरलें कीं युरोपच्या होड्या २०३८ पर्यंत येतच राहतील. इंग्लंडच्या शेतकऱ्याला युरोपच्या पेटींतून मिळणारी मदत २०२१ पासून कमी करीत नेली. तिच्या जागीं जमिनीची निगा राखण्याबद्दल नवे पैसे ठेविले, पण जुनें थांबलें आणि नवें हातीं येईना, अशी पुष्कळांची तक्रार झाली. फळें तोडायला येणारे मजूर कमी पडूं लागले, तेव्हां २०१९ पासून हंगामापुरते परवाने देऊन बाहेरचीं माणसें पुन्हां बोलवावींच लागलीं. ऑस्ट्रेलियाशीं २०२१ सालीं करार केला, त्याबद्दल त्या वेळचे शेतीमंत्री जॉर्ज यूस्टिस यांनींच पुढच्या वर्षीं पार्लमेंटांत कबूल केलें कीं तो ब्रिटनला फारसा चांगला नव्हता, कारण आपणच आपल्याला तारीख घालून घेतली. पाहा, तीच चूक दुसऱ्यांदां!

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ब्रिटनचे कायदे आतां त्याच्याच पार्लमेंटांत होतात आणि करार करायला तो मोकळा आहे. हिंदुस्थानाशीं त्यानें २४ जुलै २०२५ रोजीं व्यापाराचा करार सह्या करून केला. पण आपल्या नाशिककडच्या द्राक्षवाल्याला विचारा. पूर्वीं रॉटरडॅमला उतरलेली पेटी पुढें इंग्लंडांत नव्या जकातीशिवाय जात असे. आतां इंग्लंडचे कागद निराळे आणि औषधाच्या अंशाचे नियमही निराळे ठेवण्याची त्यांना मुभा.

वाटणी नेहमीं अशीच होते असें मात्र नाहीं. चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश १ जानेवारी १९९३ रोजीं झाले. त्यांनीं आधीं नियम बांधला : जमीन-इमारत जेथें असेल त्याची, हलणारी मालमत्ता लोकसंख्येप्रमाणें दोनास एक. कांहीं देणींघेणीं पुढें वर्षानुवर्षें चाललीं, आणि लोकांचें मत घेतलें नाहीं हा दोष राहिलाच. पण रक्त सांडलें नाहीं.

म्हणून माझें सांगणें एवढेंच. उद्यां तुम्हांला कोणी येऊन म्हणेल, या सोसायटींतून निघा, या कारखान्यापासून फुटा, या संघांत या. त्याच्या भाषणाला टाळ्या द्या, पण हात वर करण्याआधीं विचारा : निघून जायचें कोठें, तें एका कागदावर लिहिलें आहे काय? देणेंघेणें कोणी मोजलें? मुदत कोणाच्या हातांत आहे? आणि जो सर्वांत दुबळा, ज्याला वकील लावतां येत नाहीं, त्याच्याबद्दल त्या कागदांत कोणती ओळ आहे? बड्या लोकांची चूक झाली तर ते राजीनामा देऊन घरीं जातात. कोळ्याला त्याच होडींत बसावें लागतें, आणि शेतकऱ्याला तेंच रान नांगरावें लागतें.

हे प्रश्न विचारायचे तर कागद वाचतां आला पाहिजे. जोतीरावांनीं आपल्या घरांत पाटी-पेन्सिल यावी म्हणून जन्म झिजविला तो याचसाठीं. त्या सुताराच्या पोरानें प्रश्न विचारला, तेव्हां मला वाटलें कीं ती पाटी अजून कोरी नाहीं. मुलांना शाळेंत पाठवा, मुलींना त्यांच्या आधीं पाठवा, आणि पुढच्या शनिवारीं वाचनालयांत या. सोसायटीचे नियम आपण मिळून वाचूं.