गाणं फुकट येत नाही

हातातलं काम थांबवू नका, भाकरी थापता थापता ऐका. मागच्या महिन्यात आमच्या गटांच्या बैठकीत वाद झाला. तालुक्यातली एक कर्ज देणारी कंपनी आपल्या रेडिओच्या गाण्यांच्या कार्यक्रमात जाहिरात द्यायला तयार होती. पैसे दर आठवड्याला मिळणार होते. निम्म्या जणी म्हणाल्या घ्या, निम्म्या म्हणाल्या नको. तेव्हा आमच्यातल्या थोरल्या मावशी म्हणाल्या, "अगं, मुंबईच्या रेडिओला कोणी कोणी पोसलं ते आधी बघा, मग भांडा."

मावशींनी लालबागला खानावळ चालवली. गिरणीच्या पाळ्या सांभाळून पंचवीस जणांचं जेवण, आणि फळीवर रेडिओ. कामगार सभा, आपली आवड, विविध भारती. तेव्हा रेडिओ घरात ठेवायलासुद्धा परवाना लागायचा, पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे. मावशी म्हणतात, सासूची भीती नव्हती तेवढी त्या परवान्याच्या तपासणीची होती!

मग आम्ही जुनी माहिती शोधायला बसलो. २३ जुलै १९२७ ला मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं, ते सरकारचं नव्हतं, एका खाजगी कंपनीचं होतं. तिची मुख्य कमाई ऐकणाऱ्यांच्या परवान्यांतून, आणि तीन वर्षांनीही साऱ्या देशात परवाने आठ हजारसुद्धा नव्हते. १९३० साली कंपनी बुडाली आणि सरकारने केंद्रं ताब्यात घेतली.

पुढची गंमत ऐका. १९५२ मध्ये डॉ. बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. माणूस आपल्याच मराठी मुलखातला, शास्त्रीय संगीताचा भक्त. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गेलीच. लोकांनी काय केलं? सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावला. तिथे एका टूथपेस्टच्या पैशावर बिनाका गीतमाला सुरू झाली. अमीन सयानी बोलायचे मुंबईत, ध्वनिफीत जायची कोलंबोला, आणि तिथून आवाज परत यायचा आपल्या चाळीत. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, असं ते सांगत. दिल्लीने नाही म्हटलेलं गाणं दंतमंजनवाल्याने ऐकवलं. आम्हाला हे मान्य करावंच लागलं.

शेवटी सरकारही शहाणं झालं. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूरला तिच्यावर जाहिराती वाजू लागल्या. मावशींच्या मुलांना पाढ्यांच्या आधी जाहिरातींची गाणी पाठ झाली. पण तिथे एक सोय होती. विविध भारती जाहिरात घ्यायची, तरी बाजूला कामगार सभा, वनिता मंडळ हे आकाशवाणीचे कार्यक्रम चालूच होते. गिरणीवाल्याला, स्वयंपाकघरातल्या बाईला ऐकवायला कोणा कंपनीची परवानगी लागत नव्हती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. खानावळीतले लोक गावी गेले, पाठोपाठ मावशीही. त्यांचा रेडिओ आजही गावच्या घरात आहे, बोलत मात्र नाही.

२००२ मध्ये मुंबईत खाजगी एफएम स्टेशनं आली. रेडिओ मिर्चीचं ऑफिस तर लोअर परळला, म्हणजे भोंगे वाजायचे त्याच गिरणगावात. लिलावात मुंबईचं परवाना शुल्क वर्षाला ९ कोटी ७५ लाखांवर गेलं, वर दरवर्षी १५ टक्के वाढ. एवढे पैसे फक्त जाहिरातींतून काढायचे, तर कोणाला खूश ठेवणार? २००५ मध्ये सरकारने पद्धत बदलून उत्पन्नाचे ४ टक्के घ्यायचं ठरवलं, तेव्हा कुठे स्टेशनांना श्वास मिळाला. पण त्या पहिल्या वर्षांत मुंबईच्या खाजगी एफएमवर मराठी गाणं शोधावं लागे. आमच्या मते कारण सोपं आहे: जाहिरातदाराला वाटायचं, मराठी ऐकणारा फारसं विकत घेत नाही. साबण, तेल, साड्या आपण घेतच नव्हतो जणू!

हे सगळं बैठकीत वाचून दाखवलं. नको म्हणणाऱ्या जणी थोड्या नरमल्या, कारण जाहिरातीशिवाय १९२७ च्या कंपनीचं काय झालं ते ऐकलं होतं. घ्या म्हणणाऱ्याही विचारात पडल्या. हप्ता थकला म्हणून आपल्याच गटातल्या एकीच्या दारात माणसं बसली होती, ती आठवण ताजी होती. उद्या हप्त्यांबद्दल आपण रेडिओवर बोलायचं म्हटलं, तर जाहिरात देणारा गप्प बसेल का?

मग आम्ही कंपनीला कळवलं. जाहिरात लावू, पण तिच्यात वर्षाचा व्याजदर आणि हप्ता चुकला तर दंड किती, हे मराठीत आकड्यांसकट सांगायचं. आणि कर्जाच्या कार्यक्रमात आम्ही काय बोलायचं, ते आम्हीच ठरवणार.

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. तोवर गाण्यांच्या आधी शेजारच्या गावच्या मसाला गटाची जाहिरात लागते. पैसे थोडे मिळतात. आवाज मावशींचा आहे, आणि किलोचा भाव त्या दोनदा सांगतात.