चोवीस तासांनंतरचा डास

गडचिरोलीतल्या या परिषदेत पुढच्या दोन रांगा मुद्दाम आशाताईंसाठी, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी, राखून ठेवल्या आहेत.

स्वागताध्यक्ष म्हटला की लोकांना आमदार आठवतो, नाहीतर संस्थाचालक. संयोजकांनी या वेळी माझ्यासारख्या निवृत्त कीटक समाहारकाला धरून आणलं आहे. हे पद ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: सरकारी पगार घेऊन डास पकडणारा माणूस. माझ्या सासुरवाडीत पुष्कळ वर्षं ‘जावई आरोग्य खात्यात आहेत’ एवढंच सांगितलं जायचं. पुढे कोणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

काम काय, तर पहाटे उठायचं, एका हातात टॉर्च, तोंडात चोषकनळीचं टोक, आणि लोकांच्या गोठ्यात शिरायचं. भिंतीच्या खालच्या अंगाला, शेणाच्या पोपड्यांमध्ये अ‍ॅनॉफिलिस डास बसलेला असतो, पार्श्वभाग वर उचलून, तिरपा. हलकेच श्वास ओढला की तो नळीत येतो. नळीच्या टोकाला जाळीचा तुकडा असतो म्हणून तो तोंडात येत नाही. बहुतेक वेळा. मग ते डास कागदी कपात घालायचे, वर ओला टॉवेल गुंडाळायचा आणि गाडी मिळेल तशी गाठून चाचणीच्या खोलीत न्यायचे. मे महिन्यात निम्मे वाटेतच जायचे.

चाचणी अशी. नळीच्या आत औषध लावलेला कागद. वीस-पंचवीस माद्या तासभर त्यात ठेवायच्या, मग स्वच्छ नळीत सोडायच्या, साखरेच्या पाण्याचा बोळा द्यायचा आणि २४ तासांनी मोजायच्या. ९८ टक्के किंवा त्याहून अधिक मेल्या तर डास औषधाला दाद देतो. ९० टक्क्यांच्या आत मेल्या तर देत नाही. मी वहीत आकडा लिहायचो, खाली सही करायचो, उरलेले जिवंत डास मारून टाकायचो आणि वही मिटायचो. आज त्या मिटलेल्या वहीबद्दलच मला थोडं बोलायचं आहे.

डास औषधाला दाद देईनासा होणं ही आपल्याकडे जुनी गोष्ट आहे. गोठ्यातल्या अ‍ॅनॉफिलिसच्याच जातीतल्या क्युलिसिफेसीस डासाची डीडीटी या कीटकनाशकाला वाढलेली सहनशक्ती १९५९ साली पंचमहाल जिल्ह्यातून नोंदली गेली, आणि पंचमहाल तेव्हा आपल्याच मुंबई राज्यात होता. १९६१ मध्ये देशात हिवतापाचे रुग्ण ५० हजारांच्या आसपास उरले होते. १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. सगळं खापर डासावर फोडू नका. पैसा आटला, माणसं ढिली पडली, औषधं वेळेत पोहोचली नाहीत. पण डासानेही आपलं काम चोख केलं.

पुढे आल्या औषधी मच्छरदाण्या, म्हणजे आमच्या जाळ्या; त्यांना लावतात ते औषध पायरेथ्रॉइड कुळातलं: पर्मेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, अल्फा-सायपरमेथ्रिन. माणसाला फारसा त्रास नाही, डासाला मात्र स्पर्शाने लोळवणारं. गेल्या काही वर्षांत आपल्या मध्य भारतातल्या बऱ्याच जिल्ह्यांतला क्युलिसिफेसीस त्यालाही पचवू लागला आहे. चाचणीचे आकडे घसरू लागले तसा आमच्या खात्यात एक सूर ऐकू येऊ लागला, की मग आता या जाळ्या वाटून उपयोग काय? मीही तो सूर लावला आहे, नाकारत नाही.

एका गावात हेच पुटपुटत मी एका आजीची जाळी तपासत होतो. तिने ऐकलं आणि म्हणाली, “साहेब, मच्छर मरते का नाई ते तुमचं काम. मले चावते का, ते इचारा ना.”

पुढे कळलं, हा प्रश्न जगभर विचारला जात होता, फक्त जरा लांबलचक इंग्रजीत. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत अभ्यास लावला होता: बेनिन, कॅमेरून, केनिया, सुदान आणि भारत. भारतातली जागा कोणती, तर आपल्या पूर्वेला, कांकेर-नारायणपूरच्या पलीकडे, कोंडागाव जिल्ह्यातला केशकाल तालुका. म्हणजे आपलेच डास, आपलंच जंगल, आपल्यासारखीच धानशेती. पाचही देश मिळून २७९ वस्तीगट आणि सुमारे ४० हजार मुलं. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. जाळीत झोपणाऱ्या मुलांमध्ये हिवतापाचं प्रमाण न झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे ३८ टक्क्यांनी कमी होतं, आणि डासांमध्ये औषधाला दाद न देण्याचं प्रमाण जास्त असलेल्या गावांत हा फायदा कमी झाल्याचं दिसलं नाही. आजीचं म्हणणं खरं ठरलं म्हणायचं.

पण इथे मी, एक साधा डास पकडणारा, दोन शंका काढणार आहे. पहिली: जाळीत झोपणारी माणसं मुळातच जरा सावध असतात. ताप आला की आशाताईकडे आधी तीच जातात. चिठ्ठ्या टाकून कोण जाळीत झोपेल आणि कोण नाही असं त्या अभ्यासात ठरवलेलं नव्हतं, ठरवणं बरंही नव्हतं. दुसरी शंका जास्त टोचणारी. जाळी मला वाचवते ती दोन रीतींनी. एक म्हणजे आड येते. दुसरी म्हणजे आड आलेल्या डासाला मारते, आणि तो मेला की शेजारचा, जाळी नसलेला माणूसही वाचतो. मारणं कमी झालं तर आजी सुरक्षित, पण तिच्या पडवीत झोपणारा नातू कितपत?

बेनिनमधलाच एक जुना प्रयोग पाहा, २००७ सालचा. प्रयोगाच्या झोपड्या असतात. आत माणूस जाळीत झोपतो, पडवीला जाळी लावून डासांचा पिंजरा केलेला असतो आणि सकाळी आतले-बाहेरचे, मेलेले-जगलेले, रक्त प्यालेले-उपाशी असे सगळे डास वेचून मोजतात. जाळीला मुद्दाम भोकं पाडलेली असतात, कारण घराघरांतली जाळी वर्षभरात तशीच होते. उत्तरेला मालांव्हिलमध्ये, जिथे डास औषधाला दाद देत होते, तिथे ९८ टक्के मेले. दक्षिणेला लाडजीत, जिथे ते दाद देत नव्हते, तिथे ३० टक्क्यांच्या आसपास. आणि लाडजीतले डास भोकांतून आत शिरून पोटभर जेवले. मालांव्हिलला भोक असूनही औषध राखण करत होतं, लाडजीला भोक म्हणजे उघडं दार.

म्हणून आशाताईंनो, तुम्ही जाळी वाटताना सुई-दोरा द्या म्हणून भांडता ना, तुमचं बरोबर आहे. डास जितका निबर, तितकं भोक महाग. बाकी कोणी जाळीत कोंबडीची पिल्लं झाकली, कोणी वांग्याच्या वाफ्याला लावली, कोणी नाल्यावर मासे धरले, त्यावर रागावून फार उपयोग नाही. पाच माणसांच्या घरात दोनच जाळ्या दिल्या की झोपायलाच पुरत नाहीत, हा हिशेब आपण आधी करावा. आणि ऑक्टोबरात धान राखायला माणसं शेतात मचाणावर झोपतात तेव्हा जाळी घरीच खुंटीला असते. तिथल्या हवेत ती बांधायची कशी, यावर उद्याच्या सत्रात बोलणं व्हावं.

आता नव्या जाळ्यांकडे येतो, कारण पाहुण्यांपैकी बरेचजण त्यासाठीच आले आहेत. डासाच्या अंगात काही विकरं असतात, ती औषध मोडून टाकतात. एक मार्ग म्हणजे जाळीत पायपरोनिल ब्युटॉक्साइड घालायचं. आपण त्याला पीबीओ म्हणतो. ते विकरांचे हात बांधून ठेवतं आणि जुनं औषध पुन्हा काम करतं. टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या मुलेबा जिल्ह्यात हे करून पाहिलं. नऊ महिन्यांनी पीबीओ जाळीच्या गावांत रक्तात हिवतापाचे जंतू सापडलेली मुलं साध्या औषधी जाळीच्या गावांपेक्षा बरीच कमी होती.

दुसरा मार्ग मला मनापासून आवडतो, कारण त्यात डासाची खोडच त्याच्यावर उलटते. क्लोरफेनापायर हे औषध तसं निद्रिस्त असतं. ज्या विकरांनी डास जुनं औषध मोडतो, तीच विकरं याला जागं करतात. आणि ते मज्जातंतूंवर नाही, पेशींच्या ऊर्जेवरच घाव घालतं. म्हणजे डास आपल्याच हाताने आपलं विष कालवतो. टांझानियातच मिसुंग्वी जिल्ह्यात चार प्रकारच्या जाळ्या चिठ्ठ्या टाकून गावागावांत वाटल्या. दोन वर्षांनी साध्या औषधी जाळीच्या गावांत ४५.८ टक्के मुलांना लागण होती, क्लोरफेनापायर घातलेल्या जाळीच्या गावांत २५.६ टक्के. पीबीओ जाळी तोवर साध्या जाळीच्या जवळ आली होती, ४०.७ टक्के. २०२३ च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्लोरफेनापायरच्या जाळीची ठाम शिफारस केली.

तुमच्या लक्षात आलं असेल, हे आकडे आफ्रिकेतल्या गॅम्बिए आणि फ्युनेस्टस डासांचे आहेत. ते डास माणसाच्या मागे लागतात, आपला क्युलिसिफेसीस गोठ्यात रमतो. आपल्या ओढ्याकाठचा दुसरा डास, फ्लुव्हिएटिलिस, तर बहुतेक ठिकाणी अजून जुन्या औषधाला दाद देतो. शेजारच्या ओडिशाने २०१७ मध्ये एक कोटीच्या वर साध्या औषधी जाळ्या वाटल्या, जोडीला दुर्गम गावांत घरोघरी रक्त तपासलं, आणि तिथली रुग्णसंख्या चार लाखांवरून दोन वर्षांत सत्तर हजारांच्या आत आली. जाळीचा वाटा किती आणि रक्ततपासणीचा किती हे कोणी वेगळं करून दाखवलेलं मला तरी ठाऊक नाही. तेव्हा आफ्रिकेत चाललं म्हणून डोळे झाकून महागडी जाळी घेऊ नका, आणि चाचणीत डास जगला म्हणून आहे ती जाळी फेकूही नका. गाव पाहा, डास कोणता ते पाहा, मग ठरवा.

आता माझ्या वहीकडे. क्लोरफेनापायर मुळात संथ. त्याचा निकाल २४ तासांत लावला तर ते कमी भरतं, म्हणून मोजणी ७२ तासांनी करतात. हे वाचलं तेव्हा मी चमकलो. नंतर आणखी एक कळलं. जुन्या पायरेथ्रॉइडमधूनही जो निबर डास २४ तासांनी जिवंत सुटतो, तो पुढे लवकर मरतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटातून लाळग्रंथीत पोचायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. डास सहाव्या दिवशी मेला तर तो चावूनही हिवताप देत नाही. म्हणजे मी ज्यांना ‘जिवंत’ लिहून मारून टाकत होतो त्यांच्यातले कितीतरी तसेही कामातून गेलेले होते, आणि कितीतरी धडधाकट होते. कोणते किती, ते आता कळायचं नाही. नोकरीची सगळी वर्षं मी पहिल्याच दिवशी निकाल लावून मोकळा झालो. मला तसंच शिकवलं होतं हे खरं, पण तिसऱ्या दिवशी नळी उघडून पाहायला कोणी मनाई केली नव्हती हेही खरं.

असो. जेवणाची व्यवस्था मागच्या मंडपात आहे. अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी जरूर घ्या. वसतिगृहात प्रत्येक खाटेवर जाळी बांधली आहे. त्यातल्या निम्म्या गावातून बदलून आणलेल्या, तीन पावसाळे काढलेल्या आहेत. कोणाला कोणती मिळाली ते सांगत नाही. सकाळी अंगावरचे चावे मोजून नोंदणीच्या टेबलावर सांगा, हसणार नाही.

आणि सभागृहाच्या मागच्या टेबलावर, ओल्या टॉवेलखाली, सहा कागदी कप आहेत. काल पहाटे जवळच्या गोठ्यांतून आमच्या पोरांनी पकडलेले डास, काही जुन्या जाळीला लावलेले, काही नव्या. परवा निरोपाच्या चहाच्या वेळी मोजू. तोवर कृपा करून कोणी कप हलवू नका. चौथ्या कपातले काही उताणे पडलेत, त्यांना मेलेलं धरू नका. काल संध्याकाळी पडलेले दोघे आज सकाळी मी आलो तेव्हा बोळ्यावर बसून साखरपाणी पीत होते.