संगणकीय दुर्ग आणि हिरकणीची वाट

(शासकीय संगणकप्रणालींच्या सुरक्षेचे काम दीर्घकाळ केलेल्या एका तज्ज्ञाने व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा हा संपादित पाठ.)



'शासनाच्या संगणकांचे रक्षण' असा विषय संयोजकांनी मला दिला आहे. विषय रुक्ष आहे, हे मी जाणून आहे. सीमेवरील जवानाच्या शौर्यकथा ऐकताना अंगावर रोमांच उभे राहतात. बंद खोलीत बसून रात्रभर पडद्यावरच्या नोंदी वाचणाऱ्या माणसाची कथा ती काय सांगावी? त्याने आपले काम चोख केले, तर काहीच घडत नाही. आणि काहीच घडले नाही, तर पुढच्या वर्षी 'या खर्चाची आवश्यकता काय?' असा शेरा मारून फाइल परत येते. आमच्या व्यवसायातील यशाचे हे दुर्दैव आहे.

परंतु हा व्यवसाय पाश्चात्त्यांनी काल-परवा शोधून काढला, असे मात्र समजू नका. साधने नवी आहेत, शास्त्र जुनेच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मंत्ररक्षणाचा स्वतंत्र विचार आहे. मसलतीची जागा अशी असावी, की पक्ष्यांनाही तेथे डोकावता येऊ नये, असे तो सांगतो. पोपट आणि साळुंक्यांनी गुपिते फोडल्याचे ऐकिवात आहे, असेही नमूद करतो. पुढे तो माणसाकडे वळतो. निष्काळजीपणा, मद्य, झोपेतील बरळणे आणि कामवासना यांमुळे गुप्त गोष्ट बाहेर पडते, असे त्याचे निदान आहे. आज आमच्या प्रशिक्षणवर्गात 'अनोळखी तरुणीच्या मैत्रीच्या विनंतीपासून सावध राहा' असे आम्ही अधिकाऱ्यांना बजावतो, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीचाच पाठ पुन्हा गिरवत असतो.

महाराष्ट्राला तर दुर्गांची भाषा अधिक जवळची. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी दुर्गरचनेविषयी जे लिहिले आहे, ते मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला वाचायला देतो. गडाला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष. म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या असाव्यात. मात्र रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्याच ठेवून उरलेल्या चिणून टाकाव्यात, असा त्यांचा दंडक आहे. संगणकालाही दरवाजे असतात. आम्ही त्यांना पोर्ट म्हणतो, आणि एका संगणकाला ते पासष्ट हजारांहून अधिक असतात. त्यांतील राबत्याला लागणारे पाच-दहा. बाकीचे चिणून टाकणे, हे आमच्या दिनक्रमातले पहिले काम. ऐकायला सोपे वाटते. पण एखाद्या कार्यालयात पाहणी करावी, तर कोणा कंत्राटदाराने पाच वर्षांपूर्वी 'तात्पुरती' उघडलेली दिंडी सताड उघडी सापडते, आणि ती कोणी व कशासाठी उघडली, हे सांगणारा माणूस बदलून गेलेला असतो.

शिवछत्रपतींच्या गडव्यवस्थेचे दुसरे सूत्र सभासदाने नोंदवले आहे: हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे सारख्या दर्जाचे तीन अधिकारी एकेका गडावर असत. हेतू हा, की कोणा एकाच्या फितुरीने गड जाऊ नये. आमच्याकडे मात्र अनेक ठिकाणी सर्व्हरच्या साऱ्या किल्ल्या एकाच माणसाच्या हाती, आणि तोही बहुधा कंत्राटी. तो प्रामाणिक असतो, यात शंका नाही. पण त्याचा परवलीचा शब्द चोरीस गेला, की संपूर्ण गड गेला.

गडाला बालेकिल्ला का असतो, हेही येथेच सांगतो. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. देशातील सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एक असलेल्या या संस्थेत जवळपास दोन आठवडे केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, दाखले सारे हाताने लिहावे लागले. खेड्यापाड्यांतून आलेल्या रुग्णांच्या रांगा किती लांबल्या असतील, याची कल्पना करा. सरकारने संसदेत याचे जे कारण सांगितले, ते एका ओळीचे आहे: संगणकजाळ्याचे अयोग्य विभाजन. म्हणजे माची, बालेकिल्ला, सदर, दारूकोठार यांच्यामध्ये भिंतीच नव्हत्या, किंवा पुरेशा नव्हत्या. शत्रू एका ठिकाणी आत शिरला आणि सर्वत्र फिरला.

शत्रू आत शिरतो तो बहुधा टपालाबरोबर. २००९ साली कॅनडातील संशोधकांनी 'घोस्टनेट' या हेरजाळ्याचा छडा लावला. शोधाची सुरुवात झाली धर्मशाळेतील परमपूज्य दलाई लामांच्या कार्यालयातून, आणि निष्पन्न झाले ते १०३ देशांतील १,२९५ संगणक. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या अहवालात आपल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या सचिवालयातील कागदपत्रेही चोरांच्या हाती लागल्याचे दिसले. आणि चोरीचा माग चीनमधील चेंगडू शहरापर्यंत जात होता. यात बॉम्ब नव्हते, घुसखोरी नव्हती. ओळखीच्या माणसाच्या नावाने आलेले पत्र, त्याला जोडलेली फाइल, आणि ती उघडणारा एक अधिकारी. बस्स.

यावर शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला; भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद दल, म्हणजे 'सर्ट-इन', २००४ पासून कार्यरत आहे; २०१४ मध्ये अत्यावश्यक प्रणालींसाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र निर्माण झाले. कोणतेही शासकीय संकेतस्थळ सुरू करण्यापूर्वी त्याचे सुरक्षा-परीक्षण करून घ्यावे लागते व प्रमाणपत्र मिळवावे लागते. पण येथेच मेख आहे. प्रमाणपत्र असते त्या दिवशीच्या आज्ञावलीचे. पुढच्या सोमवारी मंत्रिमहोदयांच्या हस्ते नव्या योजनेचे उद्घाटन ठरते, रविवारी रात्री घाईघाईने एक नवे पान जोडले जाते, आणि त्या पानाचे परीक्षण कोणीच केलेले नसते. प्रमाणपत्र मात्र भिंतीवर लटकत असते.

आता ज्या मुद्द्यासाठी मी मुख्यतः येथे उभा आहे, त्याकडे येतो. तटाला भगदाड पडणे ही आपत्ती खरी. पण ते दडवणे हा अधिक गंभीर अपराध आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाचे उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस तेथे संगणकीय शिरकाव झाल्याची चर्चा सुरू झाली. २९ तारखेला प्रकल्पाकडून निवेदन निघाले, की असा हल्ला शक्यच नाही. दुसऱ्याच दिवशी अणुऊर्जा महामंडळाने मान्य केले, की एका संगणकात घातक आज्ञावली आढळली होती. सर्ट-इनने ती बाब ४ सप्टेंबरलाच कळवली होती. तो संगणक प्रशासकीय कामाचा होता आणि अणुभट्टीच्या नियंत्रणाशी जोडलेला नव्हता. म्हणजे पाहा, व्यवस्थेने आपले काम केले होते, बालेकिल्ला शाबूत होता. अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट होती ती! पण आधीच्या दिवशीच्या त्या ठाम नकारामुळे दुसऱ्या दिवशीच्या सत्यावरही लोकांचा विश्वास बसेना.

ही दडवण्याची वृत्ती मोडण्यासाठीच सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. घटना लक्षात येताच सहा तासांत कळवायची, नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या आणि सर्व संगणकांची घड्याळे राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या वेळेशी जुळवायची. घड्याळांचा नियम वाचून पुष्कळांना हसू आले. पण तपासाला बसल्यावर एका सर्व्हरचे घड्याळ सात मिनिटे पुढे आणि दुसऱ्याचे वीस मिनिटे मागे असेल, तर चोर आधी कोणत्या खोलीत शिरला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

रायगडावरील हिरकणीची आख्यायिका आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळासाठी ती गवळण अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी काय केले? गडाची आज्ञा मोडली म्हणून तिला बंदीखान्यात टाकले नाही. साडीचोळी देऊन तिचा सन्मान केला, आणि ज्या जागेवरून ती उतरली, तेथे बुरूज बांधून घेतला. मातृप्रेमाची कथा म्हणून आपण ती सांगतो, ते योग्यच आहे. मला मात्र तिच्यात एक निष्णात दुर्गपती दिसतो. ज्या कड्याला आपण अभेद्य समजत होतो, तेथून वाट आहे, हे शत्रूच्या आधी आपल्याला कळले, याचे मोल त्याने ओळखले.

आणि आपण काय करतो? एक प्रसंग सांगतो. कार्यालयाचे नाव सांगणार नाही. अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने आपल्या आईचा योजनेसाठीचा अर्ज संकेतस्थळावर पाहिला. पत्त्याच्या शेवटी एक क्रमांक होता. तो चुकून एकाने बदलला गेला, आणि दुसऱ्याच बाईचा अर्ज, तिच्या बँक खात्याचा क्रमांक आणि छायाचित्र पडद्यावर उमटले. त्याने तत्काळ संकेतस्थळ बंद केले आणि कार्यालयाला सविस्तर पत्र लिहिले. दोन महिने उत्तर नाही. त्याने स्मरणपत्र पाठवले, तेव्हा उत्तर आले: आपण दुसऱ्याची माहिती कोणत्या अधिकाराने पाहिली, याचा सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा पोलिसांत तक्रार दाखल करण्यात येईल. घाबरलेल्या वडिलांनी ओळखीतून माझ्याकडे धाव घेतली. दुरुस्ती करायला एका माणसाला अर्धा दिवस लागला. तो खुलासा मागे घ्यायला लावण्यासाठी मात्र मला पाच आठवडे खेटे घालावे लागले.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ व्या कलमात तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. पण त्यासाठी अप्रामाणिक किंवा कपटी हेतू असावा लागतो. त्या मुलाचा हेतू शुद्ध होता, आणि न्यायालयात तो सुटलाही असता. परंतु मध्यमवर्गीय घरातील वीस वर्षांच्या मुलाला न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ येणे, हीच शिक्षा असते. सद्हेतूने दोष दाखवणाऱ्याला निःसंदिग्ध संरक्षण देणारे कलम या कायद्यात असायला हवे, ही माझी मागणी आहे.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २०१६ मध्ये आपली काही संकेतस्थळे तपासण्यासाठी तज्ज्ञांना उघड आमंत्रण दिले. चौदाशेहून अधिक जणांनी नावे नोंदवली, १३८ खरे दोष मिळाले, आणि शोधणाऱ्यांना बक्षिसे मिळाली. आपल्याकडेही वाट उघडली आहे. २०२० मध्ये आरोग्य सेतूसाठी अशी पारितोषिके जाहीर झाली, २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाने वीस तज्ज्ञ निवडण्याची योजना आणली. दिल्लीत रुजू पाहणारी ही दृष्टी जिल्हा परिषद, नगरपालिका आणि सहकारी संस्थांपर्यंत पोहोचायला हवी.

स्वदेशीविषयी या सभेत प्रश्न येणार, म्हणून आधीच बोलतो. परकीय कंपनीच्या यंत्रात काय दडले आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. तेव्हा स्वदेशी प्रणाली हव्यात, याबद्दल दुमत नाही. पण स्वदेशी कुलूपही लावावे लागते. भारतीय बनावटीच्या सर्व्हरवर कारखान्यातून आलेला मूळ परवलीचा शब्द तसाच ठेवला, तर चोराला त्याच्या जन्मस्थानाशी काय कर्तव्य? स्वदेशीच्या अभिमान्यांनी स्वदेशी मालाची तपासणी इतरांपेक्षा अधिक कठोरपणे करावी, असे मला वाटते.

तो विद्यार्थी आता बंगळुरूत एका परदेशी आस्थापनेत आहे, आणि दोष शोधण्याचेच वेतन घेतो. मागील वर्षी एका शासकीय प्रणालीच्या तपासणीसाठी मी त्याला फोन केला. म्हटले, "सुटीच्या दोन दिवसांत येऊन जाशील का?" तो म्हणाला, "सर, येतो. मानधन नको. पण परवानगीचे सहीशिक्क्याचे पत्र आधी पाठवा." ते पत्र मिळवायला मला अकरा दिवस लागले. तो आला, आणि त्या प्रणालीत त्याने पहिल्याच दिवशी चार वाटा दाखवल्या. त्यांपैकी तीन चिणून झाल्या आहेत. चौथीची फाइल अद्याप वित्त विभागाकडे आहे.