तीन गेले कुठे?



चिटणीसबाईंनी मला 'मुलांचे शिक्षण' या विषयावर बोलावयास सांगितले आहे. विषय फार मोठा आणि वेळ दहा मिनिटांचा. तेव्हा मी घरातल्या एका गोष्टीपुरतेच बोलते. गोष्ट माझ्याच चुकीची आहे.

2025 च्या जूनमध्ये माझ्या नातीचा सीईटीचा निकाल लागला. ती खोलीतून बाहेर आली नि म्हणाली, "आजी, सत्त्याण्णव." मी देवापुढे साखर ठेवायला उठले आणि जाता जाता तोंडातून निघून गेले, "तीन गेले कुठे गं?" मी थट्टेने म्हटले. माझे वडीलही आम्हाला असेच विचारीत. पोर मात्र खोलीत गेली, दार लावून घेतले, आणि रात्री जेवायलाही आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनेच मला समजावले. हे सत्त्याण्णव म्हणजे गुण नव्हेतच. पेपर दोनशे गुणांचा. परीक्षा कित्येक दिवस, सकाळ-दुपारच्या पाळ्यांनी, संगणकावर चालते आणि प्रत्येक पाळीचे प्रश्न निराळे. म्हणून शंभरातले किती जण आपल्या मागे राहिले, तो आकडा देतात. त्याला पर्सेंटाईल म्हणतात. गणिताच्या गटाला त्या वर्षी चार लाखांवर मुले बसली होती. "तू विचारलंस ना, तीन गेले कुठे? ते तीन म्हणजे माझ्या पुढची बारा हजार मुलं." पुण्याच्या ज्या महाविद्यालयात संगणक शाखेला जायचे तिने नववीपासून ठरवले होते, तिथले दार एवढ्यावर उघडत नाही.

आपल्या रत्नागिरीला निकालाचा मोठा अभिमान. कोकण विभागीय मंडळाचे कार्यालय इथे, आणि मंडळ झाल्यापासून 2025 पर्यंत बारावीला आपला विभाग राज्यात पहिलाच. त्या वर्षी 96.74 टक्के! आम्ही पेढे वाटले. पेढे घेऊन घरोघर गेलेली मुलगी दीड महिन्यात तोंड लपवते, हे कोडे मला तेव्हा उलगडले. एका आकड्यात पार पडलेले मोजतात, दुसऱ्यात पुढे गेलेले. आपण बायका मात्र दोन्ही एकाच मापाने मापतो, आणि जिन्यात भेटेल त्या पोराला "किती पडले?" म्हणून अडवतो.

मुलांची सगळीच तक्रार रडगाणे असते, असेही नाही. त्याच वर्षी 27 एप्रिलच्या सकाळच्या पाळीला गणिताच्या इंग्रजी पेपरात 21 प्रश्नांचे पर्याय चुकले होते. 27 हजारांवर मुलांना 5 मे रोजी पुन्हा बसावे लागले. आणि बारावीचा निकालही नेमका त्याच दिवशी! निकालाची धडधड घेऊन पेपर सोडवायचा म्हणजे काय, ते ज्याचे त्यालाच ठाऊक.

तिची समजूत घालायला मी आपल्या जिल्ह्यातलीच एक जुनी हकीकत सांगितली. मुरुडचे धोंडो केशव कर्वे, पुढे ज्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढले ते, 1875 साली परीक्षेसाठी साताऱ्याला पायी गेले होते. शंभरावर मैलांची चाल. आणि तिथे, वय सतरा वर्षांचे दिसत नाही म्हणून, त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही! मला वाटले, आता पोरीला धीर येईल. ती म्हणाली, "पण आजी, घरी आल्यावर त्यांना कुणी 'तीन गेले कुठे' असं तर नाही ना विचारलं?"

मी गप्प बसले.

आता ती पुण्यातच दुसऱ्या महाविद्यालयात शिकते. परवा पहिल्या सत्राचा निकाल लागला, तो तिने आईला कळवला, मला नाही. संध्याकाळी मीच फोन केला. खानावळीत आमटी बरी असते का, थंडी किती पडली, एवढेच विचारले. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आजी, तू मार्क नाही विचारलेस."

"तुला सांगायचे असतील तर सांग," मी म्हटले.

मग तिने सांगितले. इथे सांगत नाही. तिने तशी ताकीद दिली आहे.