मागे काय ठेवायचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागील वर्षाचा हिशेब चिटणीसबाईंनी आताच वाचून दाखविला. मला बोलावयाचे आहे ते पुढच्या हिशेबाविषयी. आपल्यांतील पुष्कळजणींनी साठी ओलांडली आहे. दुपारी चौघीजणी निवडणे-टिपणे घेऊन बसल्या, की बोलणे फिरून एकाच ठिकाणी येते : आपल्यामागे काय राहणार? पाटल्या कोणत्या सुनेला, घर कोणाच्या नावे, नातवंडांचे कसे होणार? ही चिंता वावगी नाही. वाडवडिलांनी ती केली म्हणून तर आपण आज येथे आहोत. पण वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कपाट आणि सातबारा एवढेच उभे राहते, त्याचा थोडा विचार करू या.

आपल्या मुलखातलीच गोष्ट घ्या. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली तिचे कार्य साताऱ्यास आणले. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. कर्मवीरांचे नाव लहान मुलालाही ठाऊक आहे. त्या पंक्तीला भाकरी कोठून येई, हे मात्र आपण बायकांनी विशेष लक्षात ठेवले पाहिजे. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने त्या मुलांसाठी दिले. पैशाची अडचण आली तेव्हा मंगळसूत्रसुद्धा मोडले. सौभाग्याचे लेणे मोडणे म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. १९३० साली त्या वारल्या. साताऱ्यास संस्थेचे छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते १९४७ साली. त्यांनी ते पाहिले नाही. ते मंगळसूत्र जपून ठेवले असते, तर घरातल्या एखाद्या सुनेच्या गळ्यात पडले असते. मोडले, म्हणून किती घरांत पहिली पाटी-पेन्सिल आली, त्याची मोजदाद करता येणार नाही. संस्थेचे बोधचिन्ह वडाचे झाड आहे. वड लावणारा त्याच्या सावलीत बसत नाही.

दुसरी गोष्ट औंधची. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली नवी राज्यघटना देऊन राज्याचा कारभार प्रजेच्या हाती सोपविला. कोणी जबरदस्ती केली नव्हती. स्वतःच्या हयातीत, डोळ्यांदेखत दिला. त्याच संस्थानातील आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंती नसलेली कैद्यांची वसाहत वसली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, आटपाडी सांगलीत. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याची वाटणी होऊन दक्षिण सातारा निराळा झाला, त्याचेच नाव १९६० साली सांगली पडले. एका घरच्या दोन चुली, दुसरे काय!

आता राजाने राज्य दिले, आणि आपल्याच्याने कमरेच्या किल्ल्या सुटत नाहीत! सून पन्नाशीला आली तरी डाळ किती घालायची हे तिने विचारावे, अशी आपली अपेक्षा. हात धडधाकट आहेत तोवर हाताने द्यावे, चुकले तर सांगावे. मग आपल्यामागे घर गोंधळत नाही. मात्र भगिनींनो, देणे वेगळे आणि पदर मोकळा करून दारात बसणे वेगळे. २००७ सालच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मागता येते. म्हणून बक्षीसपत्र कराल तर ती अट त्यात लिहून घ्या. आपल्या पोराविषयी अविश्वास कशाला, असे मनात येईल. पण लिहिलेले असले म्हणजे दोघांचीही मने स्वच्छ राहतात.

आता नाजूक विषयाकडे येते. लेकींचे काय? महाराष्ट्राने १९९४ साली आणि पुढे साऱ्या देशाने २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू घरातील मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. कायदा झाला, आणि हक्कसोडपत्रावरच्या सह्याही चालूच राहिल्या. भाऊ साडीचोळी करतो, बहीण सही करते. "माहेर तुटेल" ही भीती तिला कोण घालते? बहुतेक वेळा आपणच. आई म्हणून, आत्या म्हणून, काकू म्हणून. एखादी लेक आपखुशीने भावाला देईल, तर तिचे कौतुकच करावे. पण कागद काय आहे हे न सांगता, लग्नाच्या गडबडीत किंवा बाराव्याच्या दिवशी तिच्यापुढे तो सरकवू नये. ज्या घरात म्हातारी एवढे म्हणेल, की "आधी तिला वाचू द्या," त्या घरातल्या नातीला आपण हिशेबात आहोत हे कळेल. हे एक वाक्य पाटल्यांहून मोलाचे आहे.

आणि आपण कर्जही मागे ठेवतो, याचा विसर पडू नये. वाळवा, पलूस, मिरज या भागांत कृष्णाकाठची काळी जमीन उसाला पाट भरभरून पाणी पाजल्याने पाणथळ झाली, क्षार वर आले, चोपण झाली. आणि तिकडे माण, जत येथील बाया पाण्यासाठी वणवण करीत आल्या. जमिनीत चर खणून, पाइप पुरून निचरा करता येतो, काहींनी तसे केलेही. पण खर्च मोठा आणि शेजारी शेजाऱ्याने एकत्र येऊन करायचे काम. पाणी मोजून द्यायला घरातल्या म्हातारीने सांगितले तर ऐकणार नाहीत म्हणता? दहादा सांगा. लक्ष्मीबाईंनाही पहिल्या दिवशी कोणी वाहवा म्हटले नसेल.

तर पुढील वर्धापनदिनापर्यंत एवढे करू या. प्रत्येकीने घरातल्या लेकीसुनेला मिळकतीचे कागद उघडून दाखवावेत. आपल्याला येते ते एक काम, गोधडी असो, बाळंतिणीची खुराक असो, एका तरी मुलीच्या हाती बसवावे. ती आपल्या नात्यातली नसली तरी चालेल. आणि मंडळाने परक्या घरच्या एका मुलीची वर्षाची फी भरावी. वर्गणी किती, ते सभेने ठरवावे. माझी मी आजच चिटणीसबाईंकडे देऊन ठेवली आहे.