गुरुजींची सही

(चिपळूण येथे ११ जून रोजी झालेल्या स्मृतिसभेतील भाषण)



मृग लागला आहे. तुमच्यापैकी निम्म्यांचे लक्ष आभाळाकडे आहे आणि तरवा पेरायचा राहिलेल्यांचे तर सगळेच तिकडे आहे, हे आम्हाला दिसते. तरीही तुम्ही आलात. भावाच्या प्रश्नावर सभा घेतली तेव्हा यातली अर्धी माणसेसुद्धा आली नव्हती. आज बोलावणे आमचे नव्हते, गुरुजींचे होते, म्हणून मंडप भरला.

तारीख मुद्दाम आजची धरली. ११ जून १९५० ला साने गुरुजींनी आपणहून जगाचा निरोप घेतला. ते आपल्याच जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातल्या पालगडचे. जन्म २४ डिसेंबर १८९९ चा. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात त्यांनी १९२४ ते १९३० अशी सहाच वर्षे मास्तरकी केली. एवढ्या सहा वर्षांवर महाराष्ट्र त्यांना आजही गुरुजी म्हणतो. वसतिगृहातल्या मुलांचे कपडे धुणारा, त्यांच्या खोल्या झाडणारा मास्तर त्या पोरांनी आधी पाहिला नव्हता. १९३० ला नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. पुढे खानदेशात शेतकऱ्यांना शेतसाऱ्यात सूट मिळावी म्हणून गावोगाव हिंडले. हे शेवटचे शाळेत कोणी शिकवत नाही, म्हणून इथे सांगितले.

त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ तुम्ही वाचली असेल, नाहीतर अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा पाहिला असेल. आईच्या मायेचे पुस्तक म्हणून आपण ते वाचतो आणि रडतो. पण चळवळीतल्या माणसाने ते एकदा वेगळ्या डोळ्यांनी वाचावे. ती एका खोताच्या घराची गोष्ट आहे. भाऊबंदकी झाली, वाटण्या झाल्या, कर्ज झाले, सावकाराचा माणूस दारात येऊन बसू लागला, घरावर जप्ती आली. हे सगळे सोसले कोणी? ज्या बाईने कुठल्याही कागदावर सही केली नव्हती तिने. १९१७ साली ती गेली तेव्हा मुलगा जवळ नव्हता.

आता आपल्या गुरुजींकडे येतो. वहिनींनी सांगितले आहे की छापील कागदावर नाव नको. त्यामुळे आम्ही नुसते गुरुजी म्हणतो. तुम्हाला कळते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत ते शिक्षणसेवक म्हणून लागले. वाडीतली पोरे तेव्हा चौथीनंतर गुरांमागे नाहीतर मुंबईला. गुरुजींनी एकेका घरी जाऊन पोरी सातवीपर्यंत बसवल्या. आमच्यापैकी कित्येकांना त्यांनी ७/१२ वाचायला शिकवला. सायंकाळी शाळेच्या पडवीत कंदील लावून आकार, पोटखराबा, इतर हक्क हे सगळे समजावायचे. वीज असली तरी कंदील असायचाच, कारण वीज कधी जाईल याचा भरवसा नव्हता. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा शाळेतही कमरेएवढे पाणी आले. पाणी ओसरल्यावर सगळेजण भांडीकुंडी, धान्य उपसत होते. गुरुजी मात्र शाळेचे जनरल रजिस्टर घेऊन बसले होते. एकेक पान सुटे करून चुलीच्या उबेला धरत होते. आम्ही हसलो. ते म्हणाले, यात पोरांच्या जन्मतारखा आहेत, हे गेले तर पोरे कागदावर जन्मलीच नाहीत असे होईल. त्या रजिस्टरातून नंतर किती जणांनी दाखले काढले ते ज्याचे त्याने आठवावे.

गेल्या महिन्यात रात्री छातीत कळ आली आणि गाडी मिळेपर्यंत सगळे संपले. घरात म्हातारी आई, वहिनी, एक मुलगी बारावीला, मुलगा आठवीत.

शाळेच्या फाटकाला गुरुजींच्या नावाची कमान बांधावी, असा ठराव काही तरुण मित्रांनी आणला आहे. त्यासाठी वर्गणीही जमली आहे. त्यांची भावना आम्हाला समजते. पण आमचे मत विरुद्ध आहे आणि ते आम्ही उघड सांगतो. कमान पुढच्या वर्षी बांधता येईल, दहा वर्षांनीही बांधता येईल. मुलीच्या प्रवेशाची तारीख थांबणार नाही. जमलेले पैसे मुलीच्या नावे ठेवावेत. वहिनी घेणार नाहीत म्हणतात. त्यांना सांगा, ही मदत नव्हे, रात्रीच्या शिकवणीची फी आहे, उशिरा भरतो आहोत.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. वहिनींना आज आम्हीच येऊ नका म्हटले ते यासाठी.

गुरुजींचे दहावे झाले आणि चार दिवसांत पतसंस्थेचे पत्र आले. गुरुजींनी स्वतः रुपयाचे कर्ज घेतले नव्हते. ते जामीन होते. पाच जणांना. पगारदार माणसाची सही असली की कर्ज लवकर मिळते, आणि गुरुजींना नाही म्हणता येत नव्हते. कोणाला काजूच्या रोपांसाठी, कोणाला म्हशीसाठी, एकाला बहिणीच्या लग्नासाठी. पाचही खाती थकलेली आहेत. पाचही जण या मंडपात बसलेले आहेत आणि त्यातले एक खाते आमच्या कार्यकर्त्याचे आहे, हे लपवून काय उपयोग?

जामीनदार वारला म्हणजे जामीनकी संपली, असे गावात बोलले जाते. ते खरे नाही. आधी दिलेल्या कर्जापुरती ती त्याच्या मालमत्तेवर राहते, आणि वारसांना जेवढे वारशाने मिळाले तेवढ्यापुरती वसुली त्यांच्याकडे येऊ शकते. म्हणजे श्यामच्या आईच्या दारात जो माणूस बसला होता, तो आता वहिनींच्या पडवीत येऊन बसणार. आणि त्याला तिथे पाठवणारे आपण.

कोणी म्हणेल, तुम्हीच व्यासपीठावरून कर्जमुक्ती मागता, आता भरायला कसे सांगता? मागतो, आणि मागत राहू. मालाला भाव मिळू दिला नाही म्हणून कर्ज थकले, ते शेतकऱ्याचे पाप नाही, हे आमचे म्हणणे बदललेले नाही. ते भांडण सरकारशी आहे. विधवेच्या उंबऱ्याआड उभे राहून ते लढता येत नाही. गुरुजींनी सही केली ती सरकारवर विश्वास ठेवून नव्हे, तुमच्यावर ठेवून. तेव्हा पाचही जणांनी पतसंस्थेत जाऊन हप्ते पाडून घ्यावेत आणि दुसरा जामीन द्यावा. पगारदार मिळणार नसेल तर आम्ही दहाजण मिळून सह्या करायला तयार आहोत. आमच्या कार्यकर्त्याने पहिला हप्ता काल भरला. आम्हीच भरायला लावला.

आता कागदांचे. गुरुजी २००५ नंतर लागलेले, म्हणजे जुनी पेन्शन नाही. पण सेवेत असताना मृत्यू आला तर कुटुंबनिवृत्तिवेतनाची आणि उपदानाची तरतूद शासनाने २०२३ साली केली आहे. त्यासाठी कुटुंबाला विकल्पाचा अर्ज द्यावा लागतो. तो पंचायत समितीच्या शिक्षण विभागातून मागून घ्यायचा आणि पोच घेतल्याशिवाय हलायचे नाही. अनुकंपा नोकरीच्या अर्जाला मुदत असते, ती उलटू द्यायची नाही.

जमिनीची वारस नोंद अजून झालेली नाही. आपल्याकडचा ७/१२ तुम्हाला माहीत आहे: एक गट, पंचवीस नावे, त्यातली वीस मुंबईला. गुरुजींच्या भाऊबंदांपैकी एकाने सुचवले की नुसते मुलाचे नाव लावा, बाईमाणसाचे कशाला. १९५६ च्या वारसा कायद्याने आई, बायको, मुलगा, मुलगी चौघांचा हिस्सा सारखा आहे. नोंदीची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. चांदवडला १९८६ साली लाखो बाया जमल्या. नंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. ज्या गावात १०० शेतकरी बायकोच्या नावे जमीन करतील ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. आपल्या वाडीत तेव्हा एकही फेरफार झाला नाही, आपण नुसत्या टाळ्या वाजवल्या. निदान या घरात तरी चारही नावे लागली पाहिजेत. फेरफार प्रमाणित होऊन नवा ७/१२ हातात येईपर्यंत आम्ही दर आठवड्याला चौकशीला जाणार.

गुरुजींच्या शेतात तरवा परवा पेरून झाला, वहिनींनी स्वतः पेरला. लावणीला सावड धरायची आहे. प्रत्येक घरातून एक माणूस, दोन दिवस. जेवण आपापले आणायचे, त्या घरात चूल पेटवायला लावायची नाही. पॉवर टिलर कोणाचा येणार ते सभेनंतर सांगा. आणि ते पाच जण सोमवारी साडेदहाला पतसंस्थेच्या दारात भेटतील. आम्हीही तिथे असू.